वाशिमवर कोण हल्ला करणार?

"जैविक दहशतवाद" हा शब्द उच्चारला की आमच्या मित्रमंडळींत दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. पहिली, "कुठला पिक्चर पाहिलास रे काल?" दुसरी, मी मूळचा वाशिमचा आहे हे माहीत असणाऱ्यांची, "वाशिमवर कोण कशाला हल्ला करेल? आधी नकाशावर सापडायला तर पाहिजे!"

दुसरीवर मी पण हसतो. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके, २०११ च्या जनगणनेप्रमाणे बारा लाखांना जरा कमी वस्ती. पुण्यात "वाशिम" सांगितलं की निम्मे लोक "म्हणजे वाशी का?" असं विचारतात. तेव्हा कुणी खास आमच्यावर दात धरून जंतू सोडेल ही शक्यता खरंच कमी आहे, मान्य.

पण ह्या विनोदात एक गृहीतक दडलंय. ते म्हणजे, जिथे हल्ला होतो तिथेच तो दिसतो. बॉम्बचं तसं असतं. जंतूचं नसतं. गाठीच्या प्लेगची लागण झाली की लक्षणं दिसायला साधारण दोन ते आठ दिवस लागतात. देवीला सरासरी बारा दिवस लागायचे. एवढ्या वेळात माणूस मुंबईच्या गर्दीच्या स्टेशनवरून निघून, ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून, रिसोड किंवा मानोऱ्यातल्या आपल्या घरी पोचून, दोन लग्नं उरकून मग तापाने झोपतो. म्हणजे हल्ला मुंबईत आणि पहिला पेशंट प्राथमिक आरोग्य केंद्रात, किंवा त्याहून जास्त शक्यता अशी की गावच्या खासगी डॉक्टरकडे.

उलटंही होऊ शकतं. मानोरा तालुक्यात पोहरादेवी आहे. रामनवमीला तिथे बंजारा समाजाचे लाखो लोक येतात, महाराष्ट्रातून, तेलंगणातून, कर्नाटकातून. तिथे काही घडलं, मुद्दाम किंवा निसर्गतः, तर पाचव्या दिवशी ते तीन राज्यांत एकदम दिसेल आणि वाशिममध्ये कदाचित कमीच दिसेल.

म्हणून माझं मत असं आहे की ह्या विषयातली तयारी वाशिमसारख्या जिल्ह्यांपासून सुरू व्हायला हवी. आणि ती करताना "दहशतवाद" ह्या शब्दाच्या फार नादी लागू नये. आता हे दोन्ही का, ते सांगतो. जरा लांबेल, पण शनिवार आहे, चहा घेऊन बसा :-)

आधी एक जुनी गोष्ट. जंतू वापरून खून करण्याचं जगातलं सर्वात गाजलेलं प्रकरण आपल्याच देशातलं आहे आणि त्याचा धागा थेट मुंबईत येतो. २६ नोव्हेंबर १९३३ ला हावडा स्टेशनच्या गर्दीत पाकूरच्या जमीनदार घराण्यातल्या अमरेंद्र पांडे ह्या तरुणाच्या दंडाला एक अनोळखी माणूस काहीतरी टोचून गेला. ४ डिसेंबरला अमरेंद्र मेला. रक्ताच्या तपासणीत निघाले प्लेगचे जंतू, आणि त्या काळात कलकत्त्यात प्लेग नव्हता! पुढे तपासात कळलं की इस्टेटीसाठी सावत्र भाऊ बिनयेंद्र आणि त्याचा साथीदार डॉ. तारानाथ भट्टाचार्य यांनी हा उद्योग केला. प्लेगचे जिवंत जंतू मिळवायला ते मुंबईला आले होते. हाफकिन संस्थेने सरळ हातात जंतू दिले नाहीत. मग संशोधनाचं निमित्त आणि शिफारसपत्र वापरून तारानाथने आर्थर रोडच्या संसर्गजन्य रोग रुग्णालयात, म्हणजे आजच्या कस्तुरबात, काम करायची परवानगी मिळवली आणि तिथून जंतू पळवले. दोघांना फाशीची शिक्षा झाली, १९३६ मध्ये हायकोर्टाने ती जन्मठेपेवर आणली.

ह्या प्रकरणात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, चोर भिंत फोडून आत शिरला नाही, ओळखपाळख वापरून आला. आपल्या भाषेत, प्रॉडक्शनचा ऍक्सेस "साहेबांनी सांगितलंय" म्हणून मिळाला. आणि दोन, खून उघडकीला आला तो एका साध्या गोष्टीमुळे. पेशंटचं रक्त तपासायला पाठवायचं कुणाला तरी सुचलं. ते सुचलं नसतं तर "ताप आला आणि गेला बिचारा" एवढंच झालं असतं.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, पण तिचाही धागा आपल्या कोरेगाव पार्कातून जातो. रजनीश १९८१ मध्ये पुण्याचा आश्रम सोडून अमेरिकेत ओरेगॉनला गेले. तिथे १९८४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या द डॅल्स गावातल्या दहा रेस्टॉरंटांत जेवलेले ७५१ लोक जुलाब-उलट्यांनी आजारी पडले. जंतू होता साल्मोनेला. आरोग्य खात्याने तपास केला आणि निष्कर्ष काढला की जेवण हाताळणाऱ्या कामगारांची अस्वच्छता. खरं कारण बाहेर यायला वर्ष लागलं, तेही आश्रमातल्याच लोकांची आपसात फाटली म्हणून. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदारांनी घरी बसावं यासाठी आश्रमातल्या काही जणांनी सॅलडमध्ये मुद्दाम जंतू मिसळले होते. सुदैवाने कुणी दगावलं नाही.

आता विचार करा. अमेरिकेसारख्या देशात, तज्ज्ञ लोक तपासाला असताना, मुद्दाम घडवलेली साथ "साधी साथ" म्हणून फाईलबंद झाली. म्हणजे हल्ला हा कपाळावर "मी हल्ला आहे" असं लिहून येत नाही. तो पहिल्यांदा जुलाबाची साथ म्हणूनच येतो. ज्याला जुलाबाची साथ नीट तपासता येत नाही, त्याला हल्ला कधीच सापडणार नाही.

आणि तपासता आली तर काय होतं? २००१ मध्ये अमेरिकेत पत्रांतून अँथ्रॅक्स पाठवला गेला, २२ जणांना लागण झाली, ५ मेले. त्यातला पहिला ओळखला गेलेला रुग्ण फ्लोरिडातला. तिथल्या डॉ. लॅरी बुश यांना पाठीच्या कण्यातल्या पाण्याच्या तपासणीत वेगळेच जंतू दिसले, त्यांना शंका आली आणि त्यांनी लगेच आरोग्य खात्याला कळवलं. तिकडे १९९९ पासून अशा जंतूंसाठी प्रयोगशाळांचं एक जाळं उभं केलेलं होतं. त्यामुळे नमुना कुठे पाठवायचा, कोण तपासणार, हे त्या दिवशी शोधत बसावं लागलं नाही. पुढे एफबीआयने ज्याच्यावर ठपका ठेवला तो लष्करी प्रयोगशाळेतलाच शास्त्रज्ञ होता. पुन्हा आतलाच माणूस! त्या दिवसांत आपल्याकडेही पांढऱ्या पावडरीच्या पाकिटांनी भल्याभल्या कार्यालयांची झोप उडवली होती. आठवत असेल.

आता घरी येऊ.

१९९४. बीड जिल्ह्यातलं मामला गाव. किल्लारीच्या भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. ऑगस्टमध्ये गावात उंदीर मरायला लागले, मग पिसवांचा त्रास सुरू झाला, आणि सप्टेंबरमध्ये गाठी आलेले तापाचे पेशंट. भारतात १९६६ नंतर माणसांत प्लेगची नोंद नव्हती, त्यामुळे प्लेगवर नजर ठेवणारी जुनी यंत्रणा जवळपास मोडीतच निघाली होती. त्याच सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून पळाले. दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. प्लेगवर हुकमी औषधं आहेत, आणि वेळेत दिली तर माणूस वाचतो. पण आजारापेक्षा घबराट मोठी झाली. "हे कुणीतरी मुद्दाम केलंय" ही कुजबुजही तेव्हा झालीच.

ह्यातून देश काही शिकलाच नाही असं मात्र नाही. त्यानंतर साथींवर लक्ष ठेवायचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, नोव्हेंबर २००४ मध्ये त्याची जागा एकात्मिक रोग सर्वेक्षणाने, म्हणजे आयडीएसपीने घेतली. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणांची नोंद करते तो एस फॉर्म, डॉक्टर संशयित निदान लिहितात तो पी, प्रयोगशाळेचा तो एल. आधी हे आठवड्याला कागदावर जायचं. एप्रिल २०२१ पासून ऑनलाईन प्लॅटफॉर्मवर जातं. जिल्ह्यात जलद प्रतिसाद पथक असतं. २००८ मध्ये राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जैविक आपत्तींसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात प्रशिक्षण आहे, मॉक ड्रिल आहे, खासगी डॉक्टरांचा सहभाग आहे, प्रयोगशाळांचं जाळं आहे. सगळं आहे.

म्हणजे आर्किटेक्चर डायग्राम उत्तम आहे. आपल्यापैकी ज्यांनी कधी रात्री तीन वाजता सर्व्हर पडलेला पाहिलाय त्यांना पुढचा प्रश्न आपोआप सुचेल. बॅकअप रोज घेतला जातो हे ठीक, पण रिस्टोअर करून कुणी पाहिलंय का?

आमच्या भागात गेल्या काही वर्षांत ही परीक्षा तीनदा झाली. मुद्दाम कुणी घेतली नाही, पण झाली.

पहिली, फेब्रुवारी २०२१. रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी कोरोनाबाधित निघाले. मुलं अमरावती, यवतमाळ अशा जिल्ह्यांतून आलेली. एकदा तपासण्या सुरू केल्यावर एवढे रुग्ण एकदम सापडले, वसतिगृह बंद करून तिथेच मुलांची व्यवस्था केली गेली. यंत्रणा जागी होती कारण वर्षभर तिचा रोज सराव चाललेला होता. २०२० च्या सुरुवातीला हेच नमुने नागपूरला पाठवायला लागायचे, अकोल्यात प्रयोगशाळा सुरू झाल्यावर फरक पडला.

दुसरी, फेब्रुवारी २०२५. कारंजा तालुक्यातलं खेर्डा. एका पोल्ट्रीत पाच-सहा दिवसांत साडेसहा हजारांहून जास्त कोंबड्या मेल्या, निदान बर्ड फ्लू. माणसांना काही झालं नाही, हे नशीब. पण तारखा नीट बघा. अहवाल येईपर्यंत बहुतेक शेड रिकामं झालेलं होतं. इथे कुणाला दोष द्यायचा नाही, रोगच तेवढा वेगवान आहे. फक्त लक्षात ठेवायचं की इशारा आधी कोंबड्यांनी दिला. मामल्यात तो उंदरांनी दिला होता.

तिसरी परीक्षा शेजारच्या बुलढाण्यात, जानेवारी २०२५. शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले, दोन-चार दिवसांत टक्कल. आधी बुरशीची शंका, मग पाण्यावर संशय, मग आयसीएमआरचं पथक. पुढे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. दरम्यान टीव्हीवर "टक्कल व्हायरस" चालू होता आणि त्या गावातल्या माणसांना बाहेरचे लोक टाळत होते. समजा हे मुद्दाम कुणी धान्यात मिसळलेलं असतं, तर? तपासाची वाट हीच राहिली असती. कोण आजारी, कधीपासून, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायले, कुणाला झालं नाही आणि का झालं नाही. फक्त सोबत पोलीस असते.

ह्या तीन उदाहरणांवरून मला वाटतं की प्रशिक्षण कुणाला द्यायचं ह्याचं उत्तर आपण चुकीच्या टोकाने शोधतो. पांढरे सूट घातलेली पथकं हवीतच. आपल्याकडे एनडीआरएफची आहेत, पुण्याजवळ त्यांची बटालियन आहे. पण ती बोलावल्यावर येतात. बोलवायचं कुणी? ज्याला सर्वात आधी विचित्र वाटलं त्याने. म्हणजे आशाताई, आरोग्यसेविका, गावचा डॉक्टर, पशुधन पर्यवेक्षक, मेडिकलवाला. "आज तापाच्या गोळ्या एवढ्या का खपल्या?" हा प्रश्न सर्वात आधी मेडिकलवाल्याला पडू शकतो.

माझी एक मावसबहीण विदर्भातल्याच एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. माझ्यापेक्षा मोठी. तिला मी विचारलं की ताई, हे ऑनलाईन भरणं जमतं का सगळं? तर म्हणाली, "भरनं काही कठीन नाई रे. रोजच भरतो. पन भरल्यावर तिकडं कोन पाह्यते अन् काय करते, ते मले मालूम नाई. उलटून काहीच येत नाई ना." मग थोडं थांबून, "एकदा कोनी फोन करून म्हनलं असतं का ताई, तुमची नोंद पाह्यली, तर बरं वाटलं असतं."

हे वाक्य मी आमच्या ऑफिसातल्या मॉनिटरिंगच्या टीमला ऐकवलं. सगळे गप्प. कारण ज्या अलर्टला कधीच कुणी ऍक्नॉलेज करत नाही, तो पाठवणारा हळूहळू पाठवायचं सोडतो, हे आम्ही रोज पाहतो. फॉर्म भरला जातो, पण त्यामागची नजर जाते. आणि जैविक हल्ल्यात नेमकी ती नजरच हवी असते. धडधाकट तरुण माणसं अचानक गंभीर का झाली? हा रोग ह्या मोसमात, ह्या भागात कसा? एकाच दिवशी इतके कसे? आधी जनावरं मेली का? हे प्रश्न कुठल्याही ड्रॉपडाऊनमध्ये बसत नाहीत.

आता थोडं ठोस बोलू, नाहीतर नुसतं "शासनाने लक्ष घालावं" म्हणून मोकळं व्हायची आपली जुनी सवय आहे :-)

पहिलं म्हणजे सराव. वर्षातून दोनदा, तालुका पातळीवर, आणि त्यातला एक न सांगता. डिसेंबर २०२२ मध्ये आणि एप्रिल २०२३ मध्ये देशभर कोविडची मॉक ड्रिल झाली, पण ती तारीख जाहीर करून. तारीख माहीत असली की ऑक्सिजनचा प्लांट त्या दिवशी चालतोच. ऑगस्ट २०२४ मध्ये राजस्थानात अजमेर जिल्ह्यात "विषाणू युद्ध अभ्यास" नावाचा सराव झाला. प्राण्यांपासून माणसात येणाऱ्या रोगाची काल्पनिक साथ, आणि माणसांचे डॉक्टर व जनावरांचे डॉक्टर एकत्र. म्हणजे हे आपल्या देशात, जिल्हा पातळीवर, होऊ शकतं. मग वाशिममध्ये का नको? टेबलावरच्या सरावाला खर्च तरी काय, एक हॉल, चहा-पोहे आणि चाळीस माणसांचा एक दिवस. तहसीलदार, तालुका आरोग्य अधिकारी, ठाणेदार, पशुवैद्यक, दोन खासगी डॉक्टर, एक मेडिकलवाला, चार आशाताई. सकाळी चिठ्ठी द्यायची: "पोहरादेवीची यात्रा संपून पाच दिवस झाले. तीन गावांत न्यूमोनियाचे अकरा तरुण पेशंट. दोन गेले. पुढे?" मग कोण कुणाला फोन लावतो आणि तो फोन लागतो का, एवढंच पाहायचं.

दुसरं, नमुना. खोकल्याचा किंवा रक्ताचा नमुना तीन आवरणांत बांधून, थंड ठेवून, चिठ्ठीसकट योग्य प्रयोगशाळेत पोचवणं हे हाताचं काम आहे, वाचून येत नाही. त्यात हल्ल्याचा संशय असेल तर तो नमुना पुरावासुद्धा असतो. कुणी घेतला, कुणाच्या हातात दिला, किती वाजता, हे सगळं लिहिलेलं लागतं. १९३३ चा खटला उभा राहिला तो प्रयोगशाळेच्या अहवालावर, हे विसरू नका. आता समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटनही झालं. रस्ता आहे, कॉलेज आहे. त्या कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाला जिल्ह्याच्या सरावात पहिल्या दिवसापासून ओढलं, तर दहा वर्षांनी त्याची किंमत कळेल.

तिसरं, कोंबड्या आणि माणसं एकाच वहीत. पशुसंवर्धनची माहिती आणि आरोग्याची माहिती रोज एकमेकांना दिसली पाहिजे. अँथ्रॅक्सला आपल्या गावात काळपुळी म्हणतात आणि तो आधी जनावरांचा रोग आहे. चांदिपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरच्या चांदिपुऱ्यात सापडला आणि तो वाळूमाशीतून पसरतो. रोगांना खात्यांच्या हद्दी कळत नाहीत.

चौथं, ताईचा फोन. नोंद करणाऱ्याला उलट निरोप. "तुमची नोंद पाहिली, तपासलं, घाबरण्यासारखं नाही" एवढं एक वाक्य. चुकीचा इशारा दिला म्हणून कुणाला झापायचं नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव शंका फुसक्या निघणारच, शंभरावीसाठी तो सगळा खटाटोप. आणि हात जोडून विनंती, ह्यासाठी नवीन ऍप काढू नका. मी ऍप बनवूनच पोट भरतो म्हणून सांगतोय. आशाताईंच्या फोनमध्ये आता जागा उरलेली नाही.

ह्यावर एक आक्षेप हमखास येतो. जिथे साध्या बाळंतपणाला डॉक्टर वेळेवर मिळत नाही, जो जिल्हा २०१८ मध्ये "आकांक्षित" म्हणजे सरळ भाषेत मागास जिल्ह्यांच्या यादीत आला, तिथे हे थेर कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी वेगळं पथक, वेगळी इमारत, वेगळं बजेट हेड मागत नाहीये. वर लिहिलेल्या चारही गोष्टी उद्या डेंग्यू आला, कॉलरा आला, बर्ड फ्लू आला तरी तशाच्या तशा कामाला येतात. हल्ला कधीच झाला नाही तरी पैसे वाया जात नाहीत. अशी दुहेरी कामाची गुंतवणूक आपण घर घेताना शोधतो, मग इथे का नाही?

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि सुरुवातीला म्हटलं तसं "दहशतवाद" शब्दाच्या नादी लागू नये ते ह्यासाठी. हा शब्द आला की लोक रोग शोधणं सोडून शत्रू शोधायला लागतात. २०२० च्या एप्रिलमध्ये काय झालं ते आपण सगळ्यांनी आपापल्या व्हॉट्सऍपवर पाहिलंय. अमुक समाज मुद्दाम थुंकतोय, तमुक भाजीवाला मुद्दाम पसरवतोय. परिणाम काय झाला? लोक तपासणीला यायला घाबरले. ज्या माणसाला आपला आजार सांगितल्यावर गुन्हेगार ठरवलं जाण्याची भीती आहे तो आजार लपवणार, आणि लपवलेला पेशंट हे कुठल्याही साथीचं सर्वात मोठं बळ असतं.

पुण्याला हे सव्वाशे वर्षांपूर्वीच कळलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या कारभारात सोल्जर घराघरांत घुसले, पेशंट ओढून नेले, देवघरं विटाळली. लोकांनी आजारी माणसं लपवली, मयत लपवलं. २२ जून १८९७ ला चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. पण त्यातला आरोग्याचा धडा शाळेत कुणी शिकवला नाही. ज्या वर्षी हे घडलं त्याच वर्षीचा साथरोग कायदा आपण २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला, थोडी दुरुस्ती करून. कायद्याने दार उघडता येतं. आतल्या माणसाने खरं सांगावं यासाठी आशाताईच लागते, कारण ती त्याच गल्लीतली असते आणि मागच्या महिन्यात तिनेच त्याच्या नातवाला डोस पाजलेला असतो.

म्हणून सरावात पोलीस जरूर असावेत, पण खोलीत पहिल्यांदा बोलायचा मान आरोग्यसेविकेचा असावा. मुद्दाम झालं की आपोआप झालं, हा प्रश्न तिसऱ्या दिवशीचा. पहिल्या दिवशीचे प्रश्न दोनच, आजारी कोण आहे आणि अजून कुणाला होऊ शकतं.

आपण शहरात बसलेली मंडळी ह्यात काय करू शकतो? फार नाही, पण काहीतरी. आपल्यापैकी निम्म्यांचं गाव कुठल्या ना कुठल्या जिल्ह्यात आहे. दिवाळीला जाल तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात एक चक्कर टाका आणि विचारा, शेवटचा सराव कधी झाला होता? माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, जिल्हा आपत्ती आराखडा मागून वाचा, त्यात जैविक आपत्तीचं पान आहे का आणि त्यावरचे फोन नंबर लागतात का ते तपासा. एक-दोन नंबर लावून पाहायला पाच मिनिटं लागतात. आणि व्हॉट्सऍपवर "अमुक लोक मुद्दाम रोग पसरवतात" असा मेसेज आला, तर घरच्या ग्रुपवर तो पहिल्यांदा अडवायचं काम आपलं. काका-मामांशी थोडं वाजेल, वाजू दे.

असो. वाशिमवर कोण हल्ला करणार, ह्याचं उत्तर बहुतेक "कुणीच नाही" असंच असेल. पण मुंबईतला किंवा हैदराबादचा हल्ला सर्वात आधी ओळखणारी व्यक्ती मात्र मंगरूळपीर तालुक्यातल्या एखाद्या उपकेंद्रात बसलेली असू शकते. तिला काय दिसलं तर कुणाला फोन करायचा हे तिला आज, ह्या शनिवारी, पाठ असायला हवं, आणि पलीकडे तो फोन उचलणारं कुणीतरी हवं.